दोन चमचे पाणी

नागपूर, मे महिना

प्रिय मनू,

काल फोनवर तू एवढंच म्हणालीस, "आई, बाळाला दूध पुरत नाही वाटते," आणि फोन ठेवलास. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. माझं तिकीट परवाचं आहे, तोवर हे वाच.

तू झालीस तोही मेच होता. महाल भागातल्या घरात कूलर रात्रंदिवस चालू, वाळ्याचा ओला वास, बाहेर पारा ४५ च्या वर. जो येई तो म्हणे, "एवढ्या उन्हात लेकराचा गळा सुकत असंन, पाणी पाज नं बाई." मलाही पटलं. उकळून गार केलेलं पाणी वाटीचमच्याने दोनच चमचे पाजलं. तू पेंगलीस, दोन वेळचं पाजणं चुकलं आणि माझी छाती भरून दगड झाली. हात वर होईना. तुला धरता येईना. तू रडायचीस, मीही रडायचे.

शेजारच्या नर्सबाईंनी तुला माझ्या पोटाशी आडवं लावलं. "नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही तोंडात जाऊ दे. खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे." म्हणाल्या, आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं, कितीही ऊन असो, सहा महिने वेगळं पाणी नको. मध, घुटीही नको.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नकोस, लंगोट मोज. २४ तासांत सहा-सात ओले होतात ना? रात्र धरून ८ ते १२ वेळा पाज. बाळ पिवळं दिसलं, प्यायला उठेना किंवा अंग तापलं, तर माझी वाट पाहू नकोस, लगेच दवाखान्यात ने.

आणि एक, जे मी तुझ्या बाबांनाही सांगितलं नाही. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरताना मला रडू फुटायचं. तुझ्याकडे पाहून काहीच वाटत नाही, असेही दिवस गेले. मीच वाईट आई, असं समजून महिनाभर गप्प राहिले. बाळंतिणीला असं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू गप्प राहू नकोस गं. बाळ दोन आठवड्यांचं होऊनही मन असंच राहिलं तर डॉक्टरांना सांगू, मी सोबत येईन.

अळिवाचे लाडू डब्यात भरलेत. तुझी जुनी मऊ दुपटी धुऊन गच्चीवर वाळत घातलीत, तासाभरात कडक सुकतात. जावईबापूंना सांग, रात्रीचे लंगोट त्यांनी बदलायचे.

तुझी,
आई