तक्रार पत्र: आवाज न करता अडकून बसणारे स्कॅनिंग

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ड्युअल बँड मोबाइल ट्रान्सीव्हरमध्ये मेमरी स्कॅन आणि प्रायॉरिटी वॉच एकत्र न चालण्याबाबत.

महोदय,

मी यावल तालुक्यात तापीकाठी केळी पिकवतो. 11 वर्षांपासून परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर आहे. गेल्या आखाजीला आपल्या कंपनीचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलण्या-ऐकण्याचा रेडिओ सेट घेतला. परवान्याची प्रत, पावती आणि एक वर्षाचे वॉरंटी कार्ड सोबत जोडले आहे.

हा सेट मी स्कॅनिंगसाठीच घेतला, हे आधीच सांगतो. बोलण्यापुरता जुना सेट घरात होताच. पण शेतकऱ्याला रेडिओपुढे बसून नॉब फिरवत राहायला वेळ नसतो. 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा पट्टा पाच किलोहर्ट्झच्या पावलाने पालथा घालायचा म्हटले तर 400 पावले होतात. म्हणून मी कामाच्या फ्रिक्वेन्सी मेमरीत भरतो, नको असलेल्या स्किप करतो आणि मेमरी स्कॅन लावून कामाला लागतो; सेट त्या फ्रिक्वेन्सी आपोआप एकेक करून ऐकत फिरतो. 145.500 ही आमच्या ओळखीच्या मंडळींची ठरलेली जागा, ती प्रायॉरिटीला. आपल्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की स्कॅन चालू असो वा थांबलेला, प्रायॉरिटी चॅनल दर पाच सेकंदांनी तपासला जाईल. हे वाक्य वाचूनच मी पैसे मोजले.

पोळा झाल्यावर चौथ्या रात्रीची गोष्ट. वर बऱ्हाणपूरकडे दिवसभर पाऊस होता. संध्याकाळी वीज गेली, तासाभरात मोबाइलचा टॉवरही बंद पडला. सेट माझ्याकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे त्याची चिंता नव्हती. स्कॅन लावला आणि ओसरीत पडून राहिलो. स्पीकर शांत होता. बँडवर कोणी नाही असे समजून डोळा लागला.

रावेरकडचे आमचे एक जुने ऑपरेटर आहेत, त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याचे त्यांना कळले. साडेअकरा ते सव्वाबारा या वेळात त्यांनी मला 145.500 वर चार वेळा हाक मारली. नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी वर ओढून घ्या, एवढेच त्यांना सांगायचे होते. मला एकही हाक ऐकू आली नाही. पहाटे तीनच्या सुमारास गडी धावत आला तेव्हा माझी साडेसात एचपीची मोटार, स्टार्टर आणि दोनशे फूट केबल पाण्याखाली होती. शेजारच्या दोघांच्या मोटारीही गेल्या. आवाज देणारा मीच असतो, म्हणून ते निर्धास्त झोपले होते. ही गोष्ट मला आजही खाते.

पुराचा दोष मी आपल्यावर टाकत नाही. पण त्या रात्री घरात शिरलो तेव्हा सेटकडे पाहिले. स्कॅन चालू असताना आकड्यांमधला दशांशाचा ठिपका लुकलुकत असतो. तो लुकलुकत होता. मात्र आकडा 145.250 वर रोवल्यासारखा उभा होता, कोपऱ्यातला सिग्नल आल्याचा हिरवा दिवा पेटलेला होता, आणि स्पीकरमधून चकार आवाज नव्हता.

पुढचे दहा दिवस मी, अप्पा आणि भुसावळचा एक मित्र, तिघांनी मिळून कारण शोधले. घड्याळ लावून, प्रत्येक वेळ वहीत लिहून. 145.250 या मेमरीला मी टोन स्क्वेल्च लावला आहे, म्हणजे सिग्नलसोबत ठरलेला टोन आला तरच स्पीकर उघडतो. घरातला इन्व्हर्टर सुरू झाला की त्या फ्रिक्वेन्सीवर एक बारीक कॅरियर, म्हणजे आवाज नसलेला नुसता सिग्नल येतो, हे आम्हाला सापडले. वीज गेलेली असतानाच नेमका तो येतो. कॅरियरसोबत टोन नसतो, म्हणून सेट स्पीकर उघडत नाही. तेथवर ठीक. पण स्कॅन मात्र टोन जुळतो की नाही हे न पाहता नुसत्या कॅरियरवर थांबतो. मी थांबण्याची वेळ पाच सेकंदांची ठेवली आहे, म्हणजे सिग्नल असो वा नसो, पाच सेकंदांनी त्याने पुढे सरकायला हवे. टोन नसलेल्या मेमरीवर तो सरकतोही. टोन लावलेल्या मेमरीवर मात्र कॅरियर जाईपर्यंत हलत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, असा अडकला की प्रायॉरिटीची तपासणीही बंद पडते. स्कॅन न लावता नुसता प्रायॉरिटी वॉच लावला तर दर पाच सेकंदांनी बिनचूक तपासणी होते. तेव्हा हा अँटेनाचा, केबलचा किंवा माझ्या घरातल्या खरखरीचा प्रश्न नाही. खात्रीसाठी सेट भुसावळला नेला, तिथे मित्राने हँडसेटवरून बिनटोनचा कॅरियर दिला, आणि सेट तिथेही तसाच अडकला. मित्राकडे आपलाच हाच मॉडेल आहे. तोही तसाच वागतो.

सेट मोठ्याने खरखर करत थांबला असता तर मी उठून नॉब फिरवला असता. हा मुकाट थांबतो. ऐकणाऱ्याला वाटते बँड शांत आहे, आणि प्रत्यक्षात सेट काहीच ऐकत नसतो.

आता आपल्याकडून काय उत्तरे आली ते लिहितो. पहिल्या ईमेलला उत्तर आले, स्क्वेल्च (खरखर आणि बारीक सिग्नल गाळण्याची पातळी) वाढवा. रावेरहून माझ्यापर्यंत येणारा सिग्नल मुळात बारीक असतो. स्क्वेल्च वाढवला तर इन्व्हर्टरबरोबर अप्पाही बाहेर राहतील. दुसरे उत्तर, सेट पूर्ण रीसेट करा. केला. हाताने भरलेल्या 62 मेमरी गेल्या, दोष राहिला. रीसेटने मेमरी पुसली जाईल हे सांगायचे सौजन्यही आपल्या माणसाने दाखवले नाही. मग मी स्वखर्चाने सेट सर्व्हिस सेंटरला पाठवला. 19 दिवसांनी परत आला, सोबत चिठ्ठी: ‘तपासले, दोष आढळला नाही.’ टोन लावलेल्या मेमरीवर बिनटोनचा कॅरियर देऊन पाहा, असे मी सोबतच्या कागदावर मराठीत आणि हिंदीत लिहिले होते. तो कागद पाकिटात जसा घडी घालून ठेवला होता तसाच, न उघडलेला परत आला.

सेट वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. त्याचे ऐकणे स्वच्छ आहे, मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हातही त्याने कधी दगा दिला नाही. दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तो सॉफ्टवेअर बदलून निघण्यासारखा आहे, असे आम्हा तिघांचे मत आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहिले. वहीतल्या नोंदींच्या आणि आम्ही काढलेल्या व्हिडिओच्या प्रती जोडल्या आहेत. रेडिओ जाणणाऱ्या एखाद्या इंजिनिअरने त्या पाहाव्यात आणि माझ्याशी फोनवर बोलावे.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त सॉफ्टवेअर द्यावे, आणि ते या मॉडेलच्या सर्व ग्राहकांना विनामूल्य मिळावे. ते जमत नसेल तर सेट परत घेऊन पूर्ण रक्कम व पाठवणीचा खर्च द्यावा. मोटारीची भरपाई मी मागत नाही. दुरुस्ती होईपर्यंत टोन लावलेल्या मेमरीवर स्कॅन अडकतो आणि प्रायॉरिटी बंद पडते, ही सूचना मात्र सर्व खरेदीदारांना आजच कळवा. मुदतीत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तसे करण्याची वेळ येऊ नये अशी इच्छा आहे.

सध्या रात्री मी स्कॅन लावत नाही. सेट नुसता 145.500 वर ठेवतो.

आपला ग्राहक,
एक केळी उत्पादक व परवानाधारक हॅम
ता. यावल, जि. जळगाव

सोबत: पावती, वॉरंटी कार्ड, परवाना, चाचणीच्या नोंदी व व्हिडिओ, सर्व्हिस सेंटरची चिठ्ठी यांच्या प्रती.