पावसाबरोबर मातीतली ओलही मोजा: मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

अतिवृष्टी ठरवताना महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की नाही, हे पाहिले जाते. पाऊस पडण्यापूर्वी जमिनीत किती ओल होती, याला या निकषात जागा नाही. मोहोळ तालुक्यात शेती करणारा माणूस म्हणून या उणिवेकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

आमच्या रानात वर हात-दीड हात काळी माती आणि तिच्याखाली मुरूम आहे. मीटरभर खोल काळी पिकाच्या उपयोगाचे साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरते. आमच्याकडे त्याच्या निम्मे धरा. उन्हाळ्यात तिला मूठ आत जाईल अशा भेगा पडतात, आणि जूनमधला 65 मिलिमीटरचा पाऊससुद्धा या भेगा आणि तापलेली ढेकळे पिऊन टाकतात. हीच माती भिजून फुगली की भेगा मिटतात, पाणी मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरांवर, कित्येकदा त्याहूनही खाली येतो, आणि मग सप्टेंबरातल्या 40 मिलिमीटरनेही रान चिबडते, म्हणजे पाणी साचून दलदलते.

खालचा मुरूम भरड असल्यामुळे तो पाण्याचा निचरा लगेच करील, असे पंचनाम्याला येणाऱ्यांनाही वाटते. तसे होत नाही. काळीची बारीक छिद्रे पाणी घट्ट धरून ठेवतात आणि मुरमाच्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही. त्यामुळे भेगांतून उतरणारे पाणी सोडले, तर वरचा थर तळापर्यंत जवळजवळ तुडुंब झाल्याशिवाय खाली पाझर सुरू होत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये, सीना नदीला पूर येण्याच्या आधी, मी तुरीच्या ओळीत खड्डा घेतला होता. काळीची कापलेली कड चकाकत होती आणि मूठ आवळली की बोटांतून चिखल येत होता. त्याच खड्ड्याच्या तळाचा मुरूम खरवडला, तर खडे कोरडे निघाले. तुरीची मुळे वरच्या थरात गुदमरत होती, आणि मंडळाची त्या दिवशीची नोंद मात्र 65 च्या आत होती.

सततच्या पावसालाही आपत्ती मानण्याचा निर्णय शासनाने 2023 मध्ये घेतला, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. तरीही तेथेही मातीतली ओल मोजली जात नाही. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत मातीतील ओलावा हा एक निकष आहे. कोरड्या दुष्काळाला लावलेले हे माप अतिवृष्टीलाही लावावे.

त्यासाठी मंडळातील हवामान केंद्रांना ओल मोजणारी उपकरणे जोडावीत. ती काळीत दोन खोलींवर आणि मुरमात एका खोलीवर असावीत, कारण वरच्या चार बोटांची ओल पाहून खालचा थर कळत नाही. एकाच मंडळात हलकी, मध्यम आणि भारी अशी तिन्ही प्रकारची जमीन असते, तेव्हा प्रत्येकीची नोंद वेगळी हवी. कोणत्या थरात किती ओल असताना 65 चा आकडा किती खाली आणावा, हे सोलापुरात 1933 पासून चालत आलेल्या कोरडवाहू संशोधनातील जाणकारांकडून ठरवून घ्यावे.

पहिले उपकरण बसवण्यासाठी माझ्या रानातील जागा मी विनामोबदला देईन. खड्डाही खणून देईन.

आपला विश्वासू,
मोहोळ तालुक्यातील एक शेतकरी