सदाशिव पेठेतल्या त्या तिघांचे मनापासून आभार

गेल्या गुरुवारी सकाळी आईने गीझर लावला आणि बाथरूमबाहेरच्या बोर्डातून करपल्यासारखा वास यायला लागला. त्या आठवड्यात एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज आपोआप तोडणारा स्विच, तीनदा पडली होती. दर वेळी मी ती वर करून ऑफिसला निघून गेलो, याचं फार वाईट वाटतं.

शेजारच्या काकूंना जिन्यात वास आला. "बोर्डाला हात लावू नकोस, आधी मेन बंद कर!" काकू, तुमच्यामुळे आई सुखरूप आहे.

कोपऱ्यावरच्या दुकानात मी जास्त अँपिअरची एमसीबी मागितली. दुकानदारकाकांनी ती दिलीच नाही. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी बसवली, तर वायर जळेपर्यंत एमसीबी पडणार नाही, हे त्यांनी गिऱ्हाईकं थांबवून मला समजावलं आणि स्वतःच वायरमनदादांना फोन लावला.

दादा भर पावसात आले. 2000 वॅटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर घेतो, आणि आमच्याकडे तो 6 अँपिअरच्या सॉकेटवर होता. सॉकेट वितळलं होतं, अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. त्यांनी वेगळी लाइन ओढली, 16 अँपिअरचं सॉकेट आणि वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. जाताना आईला शेजारी बसवून सांगितलं: नळाला झिणझिण्या आल्या, स्विच गरम लागला, बटण दाबताना चरचर आवाज आला, तर मेन बंद करून लगेच बोलवा.

दादा, घाईत चहासुद्धा राहिला. आई रोज विचारते, कधी येताय?