उसाच्या गाड्यांची डिझेल लाईन हंगामाआधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतील आणि उसाच्या गाड्या रस्त्यावर येतील. रिफ्लेक्टर, जादा भरलेला ऊस, कर्णकर्कश गाणी यांवर दरवर्षी लिहून येतं आणि ते यायलाच हवं. पण याच गाड्यांतून ठिबकणाऱ्या डिझेलबद्दल कुणी बोलत नाही. कुपवाडला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे, म्हणून लिहितो.

रात्री कारखान्याच्या यार्डात नंबरला लागलेले जुने ट्रक बघा. बरेच ड्रायव्हर इंजिन बंदच करत नाहीत, कारण पहाटे गाडी चालू होईल याची खात्री नसते. दोष देतात थंडीला. सांगलीत डिझेल घट्ट होण्याइतकी थंडी पडते कधी? दुखणं बहुतेक वेळा लाईनमध्ये, म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेल नेणाऱ्या पाइपांत असतं. टाकी ते फीड पंप (टाकीतलं डिझेल खेचून पुढे ढकलणारा छोटा पंप) हा भाग ओढीचा. तिथला पाइप चिरला किंवा बँजो बोल्टचा (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) वायसर नीट बसला नाही, तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. गाडी उभी राहिली की लाईनमधलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. मालक नवी बॅटरी आणतो. तरी भागलं नाही की इंजिनाचा मुख्य डिझेल पंप काढून कॅलिब्रेशनला (तपासून जुळवून घ्यायला) पाठवतो. तोवर कुणीतरी एअर क्लीनरसमोर पेटता बोळा धरून गाडी चालू करून दाखवलेली असते!

सेल्फ मारताना धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही; पांढरा धूर असेल तर पोचतंय, पण जळत नाही. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. एवढं बघून मग मुख्य पंपाला हात लावावा.

फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तिथली गळती सरळ रस्त्यावर येते. टाकीचं झाकण सैल असलं तर वळणावर आणखी सांडतं, आणि मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या टाकीला गळती बुजवायला कपड्याचा साबण घासलेला असतो, बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असते. टेपचे तुकडे पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. तांब्याचा वायसर एकदा दबला की कडक होतो. तो नवाच टाकावा, अगदी अडलं तर लाल तापवून मऊ करून घ्यावा.

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाड्यांना मात्र असले घरगुती प्रयोग नकोत. त्यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनात गळती बोटाने चाचपली तर डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

कारखाने गाडी नोंदवून घेताना आरसी, विमा, फिटनेस बघतात. त्याच वेळी इंजिन चालू ठेवून गाडीखाली पुठ्ठा टाकावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती किती सेल्फमध्ये चालू होते तेही बघावं. पुठ्ठा ओला झाला तर उचलीचा (कारखान्याने गाडीमालकाला आगाऊ द्यायच्या पैशाचा) राहिलेला हप्ता थांबवावा. उचल अडली की मालक वायसर त्याच दिवशी बदलतो.

— एक गॅरेजवाला, कुपवाड (जि. सांगली)