कपाटाची किल्ली

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

माझा नातू करवीर तालुक्यातल्या एका सरकारी शाळेत दुसरीला आहे. त्याची आई पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालते आणि मग भांगलणीला जाते. त्यामुळं वाचन घ्यायचं काम माझ्याकडं. परवा त्यानं मराठीचा धडा घडाघडा वाचून दाखवला. नीट बघितलं तर बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या. पुस्तक मिटलं तरी गाडी सुरूच! पोरानं धडा पाठ केला होता.

मग घरातली एक लग्नपत्रिका पुढं ठेवली. 'सूर्य' शब्दाला गाडी थांबली; 'सूय्र' म्हणाला. त्याची काय चूक? रफार बसतो 'य'च्या डोक्यावर आणि म्हणायचा 'य'च्या आधी. पहिल्या वेलांटीचं नेमकं उलटं, काढायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. हे डोळ्यांना सवयीनंच जमतं, आणि त्यासाठी न पाहिलेला मजकूर लागतो. अडला की मी लगेच सांगत नाही, मनात पाचपर्यंत मोजते. त्याचा बाप तिनालाच ओरडतो, म्हणून त्या वेळेला त्याला गोठ्यात पाठवते.

शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो, रोज पंधरा मिनिटं वाचन घ्या. घेऊ की. पण वाचायला द्यायचं काय? घरात पाठ्यपुस्तक, कॅलेंडर आणि खताच्या पोत्यावरची अक्षरं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं, जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात, हे मला ठाऊक आहे. पण मोबाईल हातात आला की पोराचं बोट भलतीकडंच जातं. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. दुसरीतल्या पोराला दर आठवड्याला एसटीनं तिथं नेणार कोण?

गोष्टीची पुस्तकं शाळेतच आहेत. रंगीत, मोठ्या टायपातली. कपाटात, कुलूप लावून. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "आज्जी, रजिस्टरला नोंद हाय. एक हरवलं तर मी काय दाखवू?" माणूस चांगला आहे, भितो एवढंच.

ती भीती तुम्ही एका परिपत्रकानं घालवू शकता. पहिली ते तिसरीच्या प्रत्येक मुलानं शनिवारी एक पुस्तक घरी न्यायचं, पुढच्या शनिवारी बदलायचं. फाटलं किंवा हरवलं तर 'वापरात संपलं' अशी नोंद चालावी, गुरुजींकडून वसुली नको. खडू संपला म्हणून कोण हिशेब मागतं का?

निपुण भारत अभियान २०२१ ला सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, हे त्यातलं उद्दिष्ट. दिवस थोडे आहेत, साहेब. आमच्या शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता. आता पोरं शाळेत आहेत, अडकलीत ती पुस्तकं.

आमच्या माता पालक गटातल्या दहा-बारा जणी नोंदवही ठेवायला तयार आहेत. खळ लावून पानं चिकटवायचं काम माझ्याकडं.

आपली,
एक आजी, ता. करवीर, जि. कोल्हापूर