खाय, बियान आणि एमंत

वालेन्सिया,
१७ मार्च २०२६

प्रिय विहान,
अनेक आशीर्वाद.

बाहेर फटाक्यांचा धुमाकूळ चाललाय आणि तुम्ही दोघं भाऊ ढाराढूर. लहानपणी सांगलीला लवंगीची माळ लागली तरी मी कानात बोटं घालून माजघरात पळायचो. तुम्ही मात्र गळ्यात फटाक्यांची लाकडी पेटी अडकवून दिवसभर चौकात हिंडता. दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता, म्हणजे ती तालातली फटाक्यांची सरबत्ती, सुरू झाली की माझ्या बरगड्या हलतात, आणि तू म्हणतोस, "बाबा, ऐक, आता ताल बदलला." मला आजवर एकदाही तो ताल सापडलेला नाही. परवा रात्री सगळ्या फाया, म्हणजे या सणात चौकाचौकांत उभे केलेले ते मोठाले पुतळे, जाळल्या की शांतता होईल. तोवर झोप नाहीच, तर म्हटलं, तुला पत्र तरी लिहावं.

पुढच्या मंगळवारी सकाळी आपल्याला नोंदणी कार्यालयात जायचंय. ही वेळ मिळवायला केवढा काळ गेला! इथे तिला 'थीता' म्हणतात. रामाला सीता सापडली, पण आम्हाला थीता सापडेना, हा विनोद तुझ्या आईने इतक्यांदा केला की शेवटी मी हसायचं सोडलं. तर त्या दिवशी तू आणि जय स्पेनचे नागरिक व्हाल. चौदा वर्षांखालच्या मुलांना शपथ घ्यावी लागत नाही. सह्या आम्ही करायच्या, तुम्ही नुसतं शेजारी उभं राहायचं. म्हणजे तुझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट तुला न विचारता होणार. निदान सांगून तरी व्हावी.

आधी नावाचं सांगतो, कारण ते बदलणार आहे.

तुझं नाव आम्ही हौसेने ठेवलं. विहान म्हणजे पहाट. इथल्या लोकांना 'व' आणि 'ब' एकच, आणि 'ह' तर त्यांच्या लेखी नुसता कागदावर असतो. तू झालास बियान. धाकट्याच्या वेळी शहाणे झालो, म्हटलं सोपं, दोन अक्षरी, कुणालाही म्हणता येईल असं नाव ठेवू: जय. इथे 'जे'चा उच्चार 'ख' होतो हे बारशानंतर लक्षात आलं. तो झाला खाय. फोनवर आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "खाईना का, पोर बारीकच आहे." मी हेमंत, तो एमंत. आपल्या घरात सगळी अक्षरं शाबूत असलेली एकटी तुझी आई.

पण खरा घोळ मधल्या नावाचा. आपल्याकडे मुलाचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. इथे नाव आणि पुढे दोन आडनावं, एक बापाकडचं, एक आईकडचं. तुझ्या पासपोर्टवर विहानला चिकटून हेमंत आहे, त्याचं काय करावं ते कुणालाच कळत नाही. शाळेच्या यादीत मी तुझं आडनाव झालो, वाचनालयाच्या कार्डावर तुझं दुसरं नाव झालो. आठवतं, तुला ताप होता आणि दवाखान्यात बाईंनी "एमंत!" म्हणून पुकारलं? मी ताडकन उठून आत गेलो, आणि डॉक्टर मला म्हणाल्या, "सात वर्षांचा पेशंट कुठाय?"

स्पेनच्या नागरिकाला दोन आडनावं लागतातच. अर्ज भरायला मदत करणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, दोन नावं ठेवता येतात, विहान हेमंत असं राहू द्यायचं तर राहू द्या. मी रात्रभर विचार केला. राहू दिलं तर जन्मभर कुणी तरी तुला एमंत म्हणून हाक मारणार आणि तू मागे वळून मला शोधणार. म्हणून काढलं. मंगळवारनंतर तुझ्या नावात विहान आहे, आपलं आडनाव आहे आणि शेवटी तुझ्या आईचं माहेरचं आडनाव आहे. मी नाही.

त्या शेवटच्या आडनावाची गंमत अशी की तुझ्या आईने ते लग्नात टाकलं होतं. टाकलं म्हणजे काय, आपल्याकडे पद्धतच तशी. तांदळात बोटाने नवं नावसुद्धा लिहिणार होते, त्याला मात्र ती नको म्हणाली. इथल्या बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत. तुझी आई आणि मी एकाच आडनावाचे आहोत हे पाहून खिडकीपलीकडच्या माणसाने एकदा मोठ्या नाजूकपणे विचारलं होतं, तुम्ही भाऊ-बहीण का? या अर्जासाठी तिचा जन्मदाखला लागला, त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मारतात तो, शिक्का लागला. मिरजेचे आजोबा तेवढ्यासाठी चार वेळा महापालिकेच्या पायऱ्या चढले. त्यांना दोन मुलीच. आपलं आडनाव आपल्याबरोबर संपणार, असं ते जेवताना सहज म्हणायचे, मीठ मागावं तसं. आता ते वालेन्सियात दोन पोरांच्या नावात आहे, हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "स्पेलिंग नीट घातलंय ना?"

आता तुझा प्रश्न. मागच्या वर्षी तुझ्या कार्डाचं नूतनीकरण करायला गेलो, बोटांचे ठसे दिले, आणि बाहेर आल्यावर तू ते नाव वाचून दाखवलंस: परदेशी व्यक्तीचं ओळखपत्र. "मी परदेशी? मग मी कुठून आलो?" ज्या दवाखान्यात तू जन्मलास, त्याच्यापासून बसच्या चार थांब्यांवर आपण राहतो. मला उत्तर सुचलं नाही. कायदा असा की इथे जन्मलेल्या मुलाने एक वर्ष रीतसर राहिलं तरी अर्ज करता येतो, माझ्यासारख्याला दहा वर्षं थांबावं लागतं. मला इथे येऊन अकरा होतील. मी अजून अर्ज केलेला नाही. भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. तुमचे निळे परत करून ओसीआय कार्डं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतात ती, काढू. माझा निळा कपाटात आहे आणि तूर्त तिथेच राहील. पोरांचं चटकन ठरवलं आणि स्वतःचं ठरवता येत नाही, याबद्दल तू मला कधी काही बोललास तर ऐकून घेईन.

एक दिवस सांगायचा राहिला, तू सात वर्षांचा होतास तेव्हाचा. २९ ऑक्टोबर २०२४. शहरात म्हणावा असा पाऊससुद्धा नव्हता. रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, जय घाबरून टेबलाखाली गेला. तोवर दक्षिणेकडच्या गावांत पाणी शिरलंही होतं. दोनशेवर माणसं गेली. आपल्या दारात मात्र थेंब नाही. तू विचारलंस, पूर आपल्याकडे का नाही आला? तेव्हा तुला झोपवायचं होतं म्हणून "देवाची कृपा" म्हणून मोकळा झालो. खरं कारण वेगळं आहे. १९५७ मध्ये तूरिया नदी या शहरात घुसली होती, ऐंशीहून अधिक माणसं मेली. मग यांनी अख्खी नदी उचलून शहराच्या दक्षिणेला नवं पात्र खणून नेली. जुन्या कोरड्या पात्रातून मोठा रस्ता काढणार होते, लोकांनी भांडून तिथे बाग करून घेतली. त्या बागेत आडव्या पडलेल्या राक्षसाच्या अंगावरून तू घसरतोस ना, ते नदीचं पात्र आहे. या वेळी ओढा दुसराच फुटला, पण नव्या पात्राच्या अलीकडचे आपण वाचलो, आणि पलीकडे, पादचारी पुलावरून चालत जाता येईल इतक्या जवळ, ला तोरे ही वस्ती बुडाली.

१ नोव्हेंबरला इथे सुट्टी होती आणि आपल्याकडे लक्ष्मीपूजन. सकाळपासून रस्त्याने माणसांची रांगच रांग, हातात झाडू, फावडी, बादल्या, सगळी त्या पुलाकडे. मी पूजेसाठी आणलेला नवा झाडू उचलला. आपली केरसुणी इथे कुठली मिळायला, चिनी दुकानातला हिरव्या दांड्याचा झाडू होता. आई म्हणाली, "थांब." दारातच त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, आता ने.

तिकडे एका म्हाताऱ्या माणसाच्या तळमजल्यावरच्या घरात दिवसभर गाळ ओढला. "एमंत, पाला!" असं तो ओरडायचा. पाला म्हणजे फावडं, हे मला तिसऱ्या हाकेला कळलं, तोवर मी झाडाच्या फांद्या गोळा करत होतो. गाळाचा वास सगळीकडे सारखाच असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. आजी-आजोबा विश्रामबागला आत्याकडे गेले म्हणून वाचले. गावभागातलं आपलं घर छातीएवढ्या पाण्यात होतं, आणि मी इथे बसून फोनवर आयर्विन पुलाची पातळी बघत होतो. पाणी उतरल्यावर कुठल्याशा गावाहून ट्रकमधून आलेल्या पोरांनी घर धुऊन दिलं. आजोबांनी त्यांची नावंसुद्धा विचारली नाहीत, की विचारली आणि विसरले. संध्याकाळी घरी आलो तेव्हा झाडूवरचं कुंकू कधीच गेलं होतं. आईने तोच झाडू धुऊन पाटावर ठेवला आणि पूजा केली. बुटांवरचा चिखल तू बोटाने खरवडून बघत होतास.

यामुळे अर्ज केला असं नाही, खोटं कशाला सांगू. कागद आधीच घेऊन ठेवले होते. पण भरले ते त्या डिसेंबरात.

बाकी लहानसहान. तू आजोबांना परवा "आजोबा, तू जेवलास का?" विचारलंस. तुझं चुकलं नाही. इथे बाईंनासुद्धा नावाने आणि 'तू' म्हणूनच बोलतात, आणि मलाही तू 'ए बाबा'च म्हणतोस, ते मला आवडतं. आजोबाही हसले. पण मी ओळखतो त्यांचं हसू, ते जरा उशिरा आलं होतं. माझ्या तोंडून त्यांना आजतागायत 'तू' गेलेलं नाही. त्यांना 'तुम्ही' म्हणत जा. अवघड नाही, मुख्याध्यापकांना पत्र लिहिताना तू 'उस्तेद' लिहितोस तसंच.

आणि जयला गणपतीचं एकदा नीट समजावून सांग, माझं तो ऐकत नाही. मागच्या वर्षी बादलीत विसर्जन करताना सगळ्यांसमोर विचारलंन, "याला जाळायचं कधी?"

मंगळवारी आठला निघू. तो कॉलरचा शर्ट घाल. पुढच्या वेळी दवाखान्यात "एमंत" असा पुकारा झाला तर तू खुशाल बसून राहा, तो माझाच नंबर असेल.

तुझा,
बाबा

ता. क. पहिलीत असताना शाळेच्या चिठ्ठीत 'अल्मुएर्थो' आणा असं होतं आणि मी शब्दकोशात बघून चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वरण-भात दिला होता. इथे सकाळी अकराच्या खाऊला तो शब्द आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. तू ते सगळं संपवून वर शाळेतलंही जेवलास आणि घरी येऊन काही बोलला नाहीस. ते मला बाईंकडून कळलं. डबा का परत आणला नाहीस, हे विचारायचं तेव्हाच राहून गेलं.