विषय : झोपेच्या यंत्रातला बेडूक आणि माझे १,८९९ रुपये

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मला पंख्याच्या घरघरीशिवाय झोप लागत नाही, लहानपणापासूनची सवय आहे. पण नाशिकच्या डिसेंबरात पंखा लावला तर बायको दुसऱ्या खोलीत जाते, आणि बंद ठेवला तर गल्लीतली कुत्री आणि पहाटे चारला सुरू होणारा सोसायटीचा पंप, सगळं कानात. म्हणून ६ डिसेंबरला झोपेसाठी एकसारखे आवाज वाजवणारं तुमचं यंत्र मागवलं. खोक्यावर छापलंय, ‘रात्रभर अखंड पाऊस’.

हा पाऊस २२ सेकंदांचा आहे. मी घड्याळ लावून मोजला. २२ सेकंदांनी बारीक ‘टक्’ होतं आणि तोच पाऊस पहिल्यापासून. मध्ये एक बेडूक ओरडतो. पहिल्या रात्री गंमत वाटली. तिसऱ्या रात्री मी त्याची वाट बघत पडलो होतो. तासाला १६३ वेळा!

पंख्याच्या आवाजात काही घडत नाही, म्हणून तर तो चालतो. शांत खोलीत कुत्रं भुंकलं की दचकायला होतं. मागे एकसारखी घरघर असली की तेच भुंकणं तिच्यात बुडून जातं. इथे घरघरीतच बेडूक, मग बुडवायचं कशात?

मग ‘व्हाइट नॉइज’ लावून पाहिला, नंतर ‘ब्राउन’. व्हाइटमध्ये सगळ्या कंप्रतांना, म्हणजे खर्जापासून बारीक सुरापर्यंत, सारखीच ताकद असते, त्यामुळे तो चरचरीत लागणारच. ब्राउनमध्ये सूर वर चढेल तशी आवाजाची ताकद दर सप्तकाला सुमारे ६ डेसिबलने उतरते, तो लांबच्या धबधब्यासारखा खर्जात यायला हवा. तुमच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज निघतच नाही. दोन्ही बटणांना कढईत भजी सोडल्याचा आवाज येतो. टायमर तर तासाभराने खाडकन बंद होतो, आणि त्या शांततेनेच जाग येते. आवाज हळूहळू उतरवायचं कुणाला सुचलं नाही का? (निळ्या दिव्यावर मी चिकटपट्टी लावली आहे, त्याबद्दल तक्रार नाही.)

१२ डिसेंबरला फोन केला, तर ताई म्हणाल्या, “सर, आवाज येतोय ना? मग मशीन ओके आहे.” ई-मेलला उत्तर आलं की नैसर्गिक आवाजात प्राण्यांचे आवाज असणं स्वाभाविक आहे. असेल. पण आमच्याकडचे बेडूक घड्याळ बघून ओरडत नाहीत.

मला बदली यंत्र नको, त्यातही हाच बेडूक असणार. यंत्र तुमच्या खर्चाने घेऊन जा आणि १,८९९ रुपये परत करा. १५ दिवसांत झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवीन, आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत बिल, खोक्याचा फोटो आणि दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग जोडलं आहे. बेडूक मोजून घ्यावेत, २७ भरतील.

आपला,
एक जागा ग्राहक